गोरेबुवा आणि भाताची गिरणी

जगाच्या पाठीवर त्या विलायती गवयाला खऱ्या अर्थाने ओळखणारी माणसं दोनच. एक तो स्वतः आणि दुसरे आमचे थोरले साडू. त्यातही पहिल्या माणसाविषयी साडूंना दाट शंका आहे. "पयल्या चार तबकड्यांपरेंत त्याला कळत व्हतं," ते म्हणतात, "पुढं त्याचं त्यालाच कळंना झालं." या मताची पहिली झलक मला मिळाली ती माझ्या स्वतःच्या लग्नात. अंगाला हळद, डोक्याला मुंडावळ्या, समोर भटजी, आणि हे गृहस्थ माझ्या कानाशी येऊन विचारताहेत, "पावणं, तुमी पाचवी ऐकलीय का? ऐकू नका." मला वाटलं, हा संसाराविषयी काही गूढ उपदेश असावा. पुढे कित्येक महिने मी पाच नंबरच्या कोणत्याही गोष्टीपासून लांब राहत होतो.

त्या गवयाचं नाव मी इथे लिहीत नाही. एक तर ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि दुसरं म्हणजे साडूंच्या घरात ते आजवर कोणी उच्चारलेलं नाही. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्याच निष्ठेने साडू त्याला नुसतं 'गोरेबुवा' म्हणतात. एरवी तो हातात गिटार घेऊन, केस झिंज्यांसारखे सोडून, लाख लाख माणसांपुढे उड्या मारणारा गडी. पण साडूंच्या पडवीत त्याला जो मान आहे तो आमच्याकडच्या एखाद्या कीर्तनकाराला नाही. तबकडी लावण्याआधी साडू पाय धुतात. तबकडी पुसायला त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा ठेवलेला आहे, आणि त्या तुकड्याला घरात दुसऱ्या कोणी हात लावला तर माझ्या मेहुणीची, म्हणजे अक्कांचीसुद्धा, धडगत नसते.

साडूंचं गाव कर्जतहून कशेळ्याला जाताना मुख्य रस्त्यापासून आत आहे. पुढे भाताची खाचरं, मागे डोंगर आणि मधोमध आमचे साडू. हयातभर त्यांनी खोपोलीच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला काम केलं, तीनच्या ठोक्याला घर गाठलं आणि उरलेल्या वेळात भात केलं. मीही खोपोलीचाच. माझं तिथे मोटारी भरायचं दुकान आहे. मोटारी भरायच्या म्हणजे पंप, पंखे, चक्क्या यांच्या जळालेल्या मोटारींतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे याच गोष्टीची मला लाज वाटणार आहे.

तर हे गोरेबुवा कशेळ्याच्या वाटेवर आले कसे? कोंडाण्याकडे जाताना एका मुंबईच्या डॉक्टरीणबाईंचा बंगला होता आणि साडूंचे वडील तिथे राखणदार होते. बाई बंगला विकून कायमच्या परदेशी निघाल्या, तेव्हा म्हणाल्या, तुम्हा बापलेकांना यातलं जे हवं ते एकेक उचला. वडिलांनी तांब्याचा बंब उचलला. साडू तेव्हा बावीस वर्षांचे. त्यांनी कपड्याखाली झाकलेली, तबकड्या वाजवायची पेटी आणि तिच्यासोबतच्या चार तबकड्या उचलल्या. ती पेटी वाजताना त्यांनी कधी ऐकलीदेखील नव्हती. वडील म्हणाले, "बंब आंघोळीला येईल. ह्यो डबा कशाला येईल रं?" डबा डोक्यावर घेऊन ते कोंडाण्यापासून घरापर्यंत जवळजवळ पळत आले. गावात वीज नुकती आली होती आणि तिच्यामागोमाग भाताची गिरणी आली होती. पडवीतल्या दिव्याशेजारी पेटीची वायर जोडली गेली आणि त्या संध्याकाळी गोरेबुवा पहिल्यांदा आमच्या तालुक्यात गायले. बंब कधीच गळून गेला. बुवा राहिले.

बुवांचं गाणं कसं होतं ते सांगितल्याशिवाय साडू कळायचे नाहीत. ते संथ होतं. संथ म्हणजे किती? एकदा बुवांनी 'ओ' म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी उठलो, अंगणात गेलो, हातपाय धुतले, तुळशीपाशी दोन मिनिटं अक्कांशी बोललो आणि परत येऊन बसलो, तर 'ओ' चालूच होता. आवाज खोल विहिरीतून यावा तसा. एखाद्या सत्तरीच्या माणसाने सगळं बघून झाल्यावर, कोणाला काही पटवायचं उरलेलं नसताना, ओट्यावर बसून बोलावं तसा. मागे ढोलवाला एकेक ठोका असा टाकायचा, की दोन ठोक्यांमध्ये माणसाला आपल्या आयुष्याचा विचार करायला सवड मिळावी. साडूंना इंग्रजी येत नाही. पण त्या चारही तबकड्यांचा अर्थ त्यांनी लावून ठेवला होता. त्यांची नावंही त्यांचीच, वेष्टनावरच्या चित्रांवरून दिलेली : निळी, कुंपणाची, पाठमोरी आणि रिकाम्या खुर्चीची. "निळीमंदी बुवा घर सोडतो. कुंपणाचीमंदी त्याला पस्तावा व्हतो. पाठमोरीत तो परत येतो, पर घरचे वळखत नायत. आन् खुर्चीच्या तबकडीत तो वळख देत नाय, नुसता बसून ऱ्हातो." मी विचारलं, "दादा, हे तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाले, "दुःख सांगायला भाषा लागते पावणं. बुवा दुःख सांगत नाय. दुःखाशेजारी सरकून आपल्याला बसायला जागा देतो."

आता असं बोलणाऱ्या माणसाला तुम्ही वेडा म्हणाल का? गाव म्हणायचं. पण गावाला त्यांच्या म्हशीचं दूधही हवं असायचं, आणि निळी तबकडी लागली की ती म्हैस अर्धा लिटर जास्त देते ही गोष्ट मी शपथेवर सांगायला तयार आहे. पाठमोरीला मात्र ती आटायची. तिला तो घरच्यांनी न ओळखण्याचा भाग सोसत नसावा.

साडूंचे नियम कडक. बुवा गाणार ते दुपारी चार ते सात. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. तरुणपणी त्यांनी एकदा भर दुपारी बारा वाजता तबकडी लावून पाहिली होती, तर बुवांचा गळा पातळ लागला. एकदा सकाळी लावली, तोच प्रकार. मंगळवारी तर चार ते सातमध्येही गळा लागत नाही, हे त्यांनी अनुभवाने ठरवलं आणि मंगळवार सोडला. पावसाळ्यात तीच गत. तेव्हा आषाढ लागला की पेटीवर इस्त्री केलेलं धोतर पांघरून बुवा चातुर्मासाला बसायचे ते थेट दसऱ्याला उठायचे. गावच्या भजनी मंडळातल्या पेटीमास्तरांनी यावरून त्यांची थट्टा केली, तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, "तुमच्या रागांना वेळ असते ना मास्तर? भूप सकाळी गाल का तुमी? मंग गोऱ्याला वेळ नसावी, हा कुटला न्याय?" तेव्हापासून आमच्या भागात गोरेबुवा हा चार ते सातचा राग आहे, हे सर्वमान्य झालं.

या सुखात एकच खडा होता आणि तो पन्नास वर्षं टिकला. तो म्हणजे भाताची गिरणी. साडूंच्या घरापासून चार घरं टाकून गिरणी, आणि तिचा मालक आबा हा साडूंचा पहिलीपासूनचा वर्गमित्र. गिरणी सुरू व्हायची बरोबर चारला आणि थांबायची सातला. "देवाची करणी बघा," साडू कपाळाला हात लावायचे, "नेमका जो बुवाचा वेळ, तोच ह्या मेल्याच्या गिरणीचा!" इकडे बुवांनी दुःखाशेजारी जागा करून द्यावी आणि तिकडून धडधड धडधड सुरू व्हावी. मग साडू पडवीच्या कठड्याशी येऊन ओरडायचे, "आब्या, बंद कर रं ती! बुवा गातोय!" तिकडून कोंड्याने पांढरा झालेला आबा बाहेर येऊन ओरडायचा, "तुज्या बुवाला पोटाला काय घालतोस का नाय रं? दिस मावळंस्तोवर नुस्ता कन्हतोय!" "कन्हत नाय, गातोय!" "आमच्यात अशाला डागदरकडं नेतात!" हा संवाद मी स्वतः कमीत कमी शंभर वेळा ऐकलेला आहे. साडूंनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. आबांनी उलट अर्ज दिला, की बुवांच्या कन्हण्याने गिऱ्हाईक धास्तावतं. दोन्ही अर्ज एकाच फायलीत लागले आणि तिथे सुखाने राहिले. दोघांनी एकमेकांच्या मुलांच्या लग्नात पंगती वाढल्या, पण चार ते सात बोलणं बंद.

आणि चौथ्या तबकडीनंतरचे बुवा? त्यांच्याविषयी साडूंचं मत फार वाईट. बुवांनी पुढे वीसेक तबकड्या काढल्या, त्यावरच जगभर नाव झालं. साडूंच्या घरी त्यांतली एकही नाही. पण आमच्याकडे आता डोंगराच्या पायथ्याला शहरातल्या लोकांचे फार्महाऊस झालेत आणि शनिवार-रविवार तिथून जे काही ऐकू येतं, त्यात बुवाही असतात. ते ऐकून साडू हळहळतात. "बघा, घाईत आला. मानसाचं नाव झालं का तो घाईत येतो." एकदा तर ते लुंगीवर तसेच फार्महाऊसच्या फाटकातून आत शिरले आणि पोहण्याच्या तलावात डुंबणाऱ्या दहा-बारा तरुण पोरापोरींना त्यांनी बाहेर काढून, ओळीने बसवून, गोरेबुवांच्या अधःपतनावर तासभर व्याख्यान दिलं. पोरं सज्जन होती. ओल्या अंगाने ऐकत राहिली. शेवटी एक दाढीवाला म्हणाला, "काका, पण त्याचे पहिले अल्बम तर याहून फास्ट आहेत." साडूंनी त्याच्याकडे इतक्या करुणेने पाहिलं, की तो बिचारा टॉवेल शोधायला लागला. "बाळा," साडू म्हणाले, "तू ऐकलं नायस. एकदा ये चार वाजता." तो मुलगा आला नाही. आला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी आबा स्वतःहून साडूंच्या पडवीत आले. मी तिथेच होतो, दिवाळीला आलो होतो तो राहिलो होतो. आबा बसले नाहीत. खांबाला धरून उभे राहिले. म्हणाले, "घे बाबा. जिंकलास तू. कालपास्नं गिरनी बंद केली. गुडघा ऐकत नाय. आन् भात आनतंय कोन आता? समदे कर्जतास्नं पिशवीतला तांदूळ आनतात. आता ऐक तुझ्या बुवाला निवांत." साडू क्षणभर गोंधळले. पन्नास वर्षांची लढाई अशी सकाळच्या चहाच्या वेळेला संपेल अशी त्यांची कल्पना नव्हती. मग ते आत गेले, ओवाळणीच्या ताटातले पेढे घेऊन आले आणि पहिला पेढा आबांच्याच हातावर ठेवला. आबांनी तो खाल्ला, हात धोतराला पुसले आणि पाय ओढत निघून गेले. मला ते बरं वाटलं नाही. पण साडूंच्या चेहऱ्यावर मात्र पहाट झाली होती.

त्याच आठवड्यात गुरुवारी मैफल ठरली. गिरणीच्या धडधडीशिवाय गोरेबुवा! साडूंनी भजनी मंडळाला निमंत्रण दिलं, पडवी सारवून घेतली, अक्कांकडून पातेलंभर चहा टाकून घेतला. चार वाजले. सगळीकडे अशी शांतता, की बांधावरचा बगळा पाय उचलतो तोही ऐकू यावा. साडूंनी पाय धुतले, लुगड्याच्या तुकड्याने निळी पुसली, सुई टेकवली आणि डोळे मिटले.

जो आवाज आला तो गोरेबुवांचा नव्हता. कोणी तरी एक पातळ गळ्याचा इसम, मागे कुत्रं लागल्यासारखा, धापा टाकत पळत होता. ढोलवाला त्याच्याही पुढे पळत होता. जो 'ओ' माझ्या हातपाय धुण्याला पुरून उरायचा तो मी मान वळवेपर्यंत संपला. साडूंनी डोळे उघडले. सगळ्यात वाईट म्हणजे मंडळींना ते आवडलं. दोघं-तिघं मांडीवर ताल धरायला लागले आणि पेटीमास्तर मोठ्याने म्हणाले, "आज पयल्यांदा ठेका गावला बरं का!" साडूंनी सुई उचलली. "आज हवा बरोबर नाय," ते एवढंच म्हणाले. मंडळी चहा पिऊन गेली.

त्यानंतर त्यांनी काय काय केलं त्याला सुमार नाही. मुंबईहून नवी सुई मागवली. पेटीचं तोंड दक्षिणेकडे होतं ते उत्तरेला केलं. लिंबू-मिरची बांधली. चारऐवजी पाचला, पाचऐवजी सहाला लावून पाहिली. बुवा पळतच होते. शेवटी त्यांनी भर हिवाळ्यात पेटीवर धोतर टाकलं. संक्रांतीच्या आधी अक्कांचा मला फोन आला. "भावजी, तुमी येऊन जा. महिना झाला, डबा उघडला नाय. चार वाजले का मानूस पडवीत जाऊन नुस्तं बसतंय. बोलत नाय, भांडत नाय. मला त्याचं भांडन परवडलं, पर हे नको."

मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. साडू खरंच पडवीत बसले होते. मला बघून हसले, पण ते हसू पाहुण्याला पाणी द्यावं तसं होतं. मी पेटी उघडली. मोटार बघितली, चाकं बघितली, तेल दिलं. सगळं खणखणीत. तबकडी लावली, तर तोच पळणारा इसम. मग मी खिशातून मोबाईल काढला आणि निळी तबकडी शोधून लावली. तर मोबाईलमध्येही तोच इसम, तसाच पळत! साडूंनी तोंड फिरवलं. मी चक्रावलो. म्हणजे पेटी बरोबर वाजत होती. मग गेली पन्नास वर्षं काय वाजत होतं?

तेवढ्यात कडूसं पडलं म्हणून अक्कांनी पडवीतला दिवा लावला. चहाचा कप माझ्यापुढे ठेवत त्या सहज म्हणाल्या, "गिरनी बंद झाली त्यात एक बरं झालं हां भावजी. दिवा कसा लख्ख पडतोय. आदी सात वाजंस्तोवर मेला पिवळाच ऱ्हायचा, चिंचेच्या कोळावानी."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. आख्ख्या वाडीला ट्रान्सफॉर्मर एक. गिरणीची ती राक्षसी मोटार सुरू झाली, की सगळ्या घरांतली वीज ती ओढून घेणार, दिवे मिणमिणणार, पंखे रेंगाळणार आणि पेटीतली ती चिमुकली मोटार दमून सावकाश फिरणार. तबकडी सावकाश फिरली की गाणं संथ होतं आणि गळा खाली उतरतो. दुपारी बाराला गिरणी बंद. मंगळवारी गिरणीला सुट्टी, हे तर सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. पावसाळ्यात भात सादळतं म्हणून गिरणी बंद, तेव्हा बुवांचा चातुर्मास. आणि मी, हयातभर मोटारी भरलेला माणूस, त्या पिवळ्या दिव्याखाली बसून शेकडो संध्याकाळी माना डोलावत होतो! मला इतकी लाज वाटली की मी चहा बशीत न ओतता तसाच प्यालो आणि जीभ भाजून घेतली.

पण खरी अडचण पुढेच होती. माझ्या पिशवीत पंख्याचा एक रेग्युलेटर पडलेला होता. तो पेटीच्या वायरीत गुपचूप बसवला असता, कान पिळला असता, की पाच मिनिटांत जुने बुवा परत. "चाक सैल झालं होतं" एवढं सांगितलं असतं तरी काम भागलं असतं. आणि खरं सांगायचं तर काय सांगायचं? की दादा, पन्नास वर्षं तुम्ही ज्या बुवांपुढे पाय धुऊन बसलात ते बुवा नव्हतेच? की ज्या गिरणीला तुम्ही शिव्या दिल्या, तिनेच ते घडवले? मी थापा मारण्यात कमी नाही, हे वाचणाऱ्याच्या एव्हाना लक्षात आलं असेल. मी रेग्युलेटर काढून मांडीखाली लपवलासुद्धा.

तेव्हा साडू पाठमोरेच राहून म्हणाले, "पावणं, एक इचारू? पेटी बिघडली नाय ना?"

"नाही, दादा."

"मला वाटलंच. मी कर्जतला कानाच्या डागदरकडं जाऊन आलो. हिला सांगितलं नाय. तो म्हनला, कान साफ हायेत, या वयातबी चांगले हायेत. तवा मला कळलं, आतलंच काय तरी गेलं. ज्यानं बुवा ऐकू यायचा, तेच गेलं. मानूस म्हातारा होतो म्हंजे असाच होत असंल, नाय?"

एवढं ऐकल्यावर थाप मारायला माझ्यासारख्याचीही जीभ उचलेना. मी त्यांना सगळं सांगितलं. मोटार सांगितली, दिवा सांगितला, मंगळवार सांगितला. ते ऐकत राहिले. मला वाटलं, आता पेटी उचलून खाचरात टाकतील. पण ते म्हणाले, "म्हंजे कान शाबूत हायेत माझे."

"शाबूत आहेत."

"लावा परत. निळी."

मी लावली. ते माझ्याकडे वळून बसले आणि त्या पळणाऱ्या इसमाची आख्खी एक बाजू त्यांनी पहिल्यांदाच, डोळे उघडे ठेवून, शेवटपर्यंत ऐकली. तिसऱ्या गाण्याला त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. सुई उचलल्यावर म्हणाले, "अगं, ऐकलंस का? पोरगं हाय हे!" अक्का दारात उभ्या होत्या. "कोन पोरगं?" "बुवा! बावीस-तेवीसचं असंल. मी आपला त्याला म्हातारा समजून पाया पडत आलो. किती घाई हाय बघ त्याला. कुटं जायचंय तेबी ठावं नसंल." मग म्हणाले, "मीबी बावीसचाच व्हतो गं, पेटी डोक्यावर घेऊन कोंडान्यास्नं पळत आलो तवा." अक्का म्हणाल्या, "ठावं हाय. तवा तुमीबी असंच भराभर बोलायचात."

साडू उठले, चपला घातल्या आणि आबांच्या घराकडे चालू लागले. थोड्या वेळाने दोघं आले. आबांना त्यांनी हाताला धरून आणलं होतं, आणि आबा वाटभर "आता काय रं? आता तर बंद केली ना?" असं करवादत होते. साडूंनी त्यांना पेटीशेजारी, स्वतःच्या जागेवर बसवलं आणि म्हणाले, "आब्या, पन्नास वर्षं बुवा तूच वाजवत व्हतास रं."

समजावून सांगायला अर्धा तास लागला. समजल्यावर आबांनी पेटीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे त्या गोऱ्याला कन्हायला मीच लावला?"

"कन्हत नाय, गातोय."

"बरं, गातोय."

मी मांडीखालचा रेग्युलेटर काढला. म्हटलं, हा बसवतो, आता केव्हाही, कितीही संथ बुवा ऐका. साडूंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि मला परत दिला. "नको पावणं. गिरनीवाला बसलाय की." मग निळीवर पुन्हा सुई टेकवून, आबांचा उजवा हात धरून त्यांनी तो तबकडीखालच्या फिरत्या चाकाच्या कडेवर आणला. पन्नास वर्षं गिरणीच्या आवाजावरून तिचा दम ओळखणारा माणूस तो. त्याने एकच बोट टेकवलं, इतकं हलकं की चाकाला कळावं आणि तबकडीला कळू नये. पळणारं पोरगं जरा अडखळलं, चालायला लागलं, आणि बघता बघता सत्तरीचं होऊन आमच्याशेजारी येऊन बसलं. सूर थोडा थरथरत होता. साडू म्हणाले, "ऱ्हाऊ दे, गिरनीबी कुटं सरळ चालायची तुजी?"

आता रोज चारला आबा काठी टेकत येतात. तबकडीची पहिली बाजू पोराची, दुसरी बुवांची, असं त्यांचं ठरलं आहे. आता मंगळवारही सुटत नाही. साडू सांगतात, येत्या आषाढातही पेटीवर धोतर पडणार नाही. परवा मी गेलो होतो. दुसरी बाजू लागली होती. आबांचं बोट आताशा लवकर दमतं. ते नकळत थोडं उचललं जातं आणि मग बुवा गाता गाता हळूहळू तरुण व्हायला लागतात. साडूंच्या ते लक्षात येतं. पण ते आबांना काही म्हणत नाहीत. होऊ देतात.